आपल्या माणसाने केलेली थट्टा

विनोदी नट-नट्यांच्या दीर्घ मुलाखती अलीकडे मोठ्या प्रमाणावर पाहिल्या जातात. आपली मैत्री, आपली जात, आपले गाव, अंगाचा रंग, मानधन अशा विषयांवर ही मंडळी त्यांत मोकळेपणाने बोलतात. त्या पाहून अनेक वाचकांनी पत्रे लिहिली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतले कलाकार मुलाखतींमध्ये एकमेकांविषयी भावाबहिणींच्या मायेने बोलतात. प्रहसनात मात्र तेच कलाकार एकमेकांच्या रंगावरून, जाडीवरून, दातांवरून बोलून हशा मिळवतात. यांतले खरे कोणते मानायचे?
(एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण त्यासाठी प्रहसन उभे कसे राहते, हे आधी पाहायला हवे. प्रेक्षकाला हशा मिळवणारा नट दिसतो. त्याच्या आधीचे साधेसे वाक्य ज्याने नेमक्या क्षणी, नेमक्या पट्टीत आणि पुढच्या वाक्याचा सुगावा लागू न देता टाकलेले असते, तो सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. नाटकमंडळी याला ‘फीड देणे’ म्हणतात. फीड देणाऱ्याने अर्धा क्षण घाई केली, किंवा सोबत्याचा हशा ओसरण्याआधीच पुढचे वाक्य बोलून टाकले, तर समोरच्याची सगळी मेहनत वाया जाते, आणि ती कोणी वाया घालवली हे प्रेक्षकाला कळतही नाही. म्हणून विनोदी नट आपल्या जोडीदारावर जितका अवलंबून असतो, तितका गंभीर भूमिका करणारा नट क्वचितच असतो. मुलाखतीत दिसणारी माया पुष्कळदा या अवलंबून असण्यातून आलेली असते, आणि ती खोटी मानण्याचे मला कारण दिसत नाही.

आपल्याकडे या मैत्रीची परंपरा जुनी आहे. तमाशातली बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, हा मुळातच दोघांचा खेळ आहे. सोंगाड्या एकटा उभा राहून बतावणी करू शकत नाही. निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके हे तिघेही राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कामातून घडले. नगरकर पुढे दादांबरोबर ‘विच्छा माझी पुरी करा’ या वसंत सबनिसांच्या लोकनाट्यात उभे राहिले आणि निळूभाऊंबरोबर ‘कथा अकलेच्या कांद्याची’मध्ये. या लोकनाट्यांत संहितेबाहेरचा, त्या दिवशीच्या गावाला आणि त्या दिवशीच्या बातमीला धरून येणारा विनोद फार असे. आपण मध्येच काहीही बोललो तरी समोरचा ते झेलेल, ही खात्री असल्याशिवाय अशी जागा कोणी घेऊ धजत नाही.

रंगमंचाबाहेरच्या मैत्रीचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ‘हमीदाबाईची कोठी’ या नाटकात अशोक सराफ आणि नाना पाटेकर एकत्र काम करीत. त्या काळी अशोकला प्रयोगाचे अडीचशे रुपये मिळत आणि आपल्याला पन्नास, असे नाना पाटेकर यांनी जाहीरपणे सांगितले आहे. नानांच्या हाती चार पैसे यावेत म्हणून अशोक त्यांच्याशी पत्ते खेळायला बसे आणि मुद्दाम हरत असे, हेही त्यांनीच सांगितले. ज्याला देतो आहोत त्याला घेतल्याची लाज वाटू नये, याची इतकी काळजी जो माणूस पत्त्यांच्या डावात घेतो, तोच रंगमंचावर समोरच्याला चोख फीड देतो, असे मला मनापासून वाटते.

आता थट्टेविषयी. शरीरावरून केलेली थट्टा मित्राने केली म्हणून आपोआप क्षम्य ठरत नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’तून घराघरांत पोहोचलेल्या वनिता खरात यांनी २०२१ साली स्वतःच्या शरीराची लाज न बाळगण्याचा संदेश देणारी छायाचित्रे काढून घेतली आणि ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या धैर्याचे कौतुक झाले. त्या कौतुकानंतर प्रहसन लिहिणाऱ्यांची जबाबदारी वाढली आहे. पात्राच्या स्वभावातून, त्याच्या लबाडीतून किंवा भाबडेपणातून विनोद फुलवता येत असताना निव्वळ त्याच्या आकारावर वाक्य लिहिले जाते, तेव्हा मी दोष नटांच्या मैत्रीला देत नाही, लेखकाला देतो. ज्याची थट्टा झाली त्याला उलट वाक्य मिळाले का, आणि ते तितकेच सकस होते का, हे पुढच्या वेळी आपण आवर्जून पाहावे.

प्रश्न : आमचे तीन पिढ्यांचे केशकर्तनालय आहे. माझा मुलगा पुण्यात शिकतो आणि तिथे स्टँडअप करतो. आमचा व्यवसाय, आमची जात, दुकानात घडलेले प्रसंग तो लोकांपुढे सांगतो आणि लोक हसतात. भावकीतले लोक म्हणतात की, त्याने समाजाची लाज काढली. मला त्याचा अभिमानही वाटतो आणि भीतीही वाटते.
(एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. आपला मुलगा ज्या वाटेने चालला आहे, ती वाट आपल्याच समाजातल्या एका मोठ्या कलावंताने पाडून ठेवलेली आहे. वर ज्यांचा उल्लेख केला त्या राम नगरकरांचा जन्म न्हावी समाजातला. ‘रामनगरी’ या आपल्या आत्मकथनात त्यांनी घरचा व्यवसाय, त्यापायी वाट्याला आलेले टोमणे, स्वतःला वाटलेला संकोच हे सारे हसत हसत सांगितले. त्याचे एकपात्री प्रयोगही त्यांनी केले, आणि १९८२ मध्ये त्यावर अमोल पालेकर यांची प्रमुख भूमिका असलेला हिंदी चित्रपट आला. ज्या शब्दाने आपल्याला हिणवले जाते, तो शब्द नगरकरांनी स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या लयीत उच्चारला. हिणवणाऱ्याच्या हातचे हत्यार त्याने बोथट झाले. प्रेक्षक हसत होता, पण कुणावर हसायचे हे नगरकर ठरवत होते.

मुलाच्या प्रयोगाची पारख करताना हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याच्या गोष्टीत वेडगळ कोण ठरतो? खुर्चीत बसून दाढी करून घेताना कारागिराची जात काढणारे गिऱ्हाईक, की कात्री धरणारे त्याचे आजोबा? पहिल्या प्रकारची गोष्ट असेल, तर भावकीने त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे. दुसऱ्या प्रकारची असेल, तर तो परक्यांच्या टाळ्यांसाठी घरचे माणूस विकतो आहे, आणि हे त्याला वडील म्हणून आपण स्पष्ट सांगायला हवे.

माझी सूचना अशी की, त्याने आपला पुढचा प्रयोग आधी दुकानात, रविवारची गर्दी ओसरल्यावर, घरच्या वडीलधाऱ्यांपुढे करावा. जे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारताना जीभ अडखळेल, त्यावर त्याने पुन्हा काम करावे. ते वाक्य टाकूनच द्यावे, असे मी म्हणत नाही; कधी कधी अडखळणारे वाक्यच सर्वांत खरे असते. गावगाड्यात बारा बलुतेदारांपैकी एक म्हणून वर्षाच्या धान्यावर केलेले काम, त्याच गावगाड्यात दलितांची हजामत न करण्याची पाळलेली रीत, आणि सत्यशोधक विचारांच्या प्रभावाने विधवांचे केशवपन करण्यास नाभिकांनी दिलेला नकार, हा सगळा इतिहास त्याच्या वारशात आहे. अभिमानाच्या गोष्टीबरोबर शरमेची गोष्टही त्याला सांगता आली, तर त्याचा विनोद फार उंचीवर जाईल.

ओळख लपवण्याऐवजी पुढे ठेवून मोठे झालेले कलावंत त्याला आजूबाजूलाही दिसतील. पवईच्या फिल्टरपाड्यातून आलेल्या गौरव मोरे यांनी आपल्या वस्तीचे नाव टोपणनावासारखे मिरवले. वऱ्हाडी बोलीचा ठसका भारत गणेशपुरे यांनी जसाच्या तसा प्रहसनांत आणला. त्याआधी मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’मधून, १९८० पासून, मालवणीला नाटकाची मुख्य भाषा म्हणून उभे केले. तोवर मराठी नाटकात मालवणी बोलणारा माणूस बहुतेक वेळा घरगडी असे. कांबळींचा तात्या सरपंच मात्र साऱ्या गावाला नाचवणारा होता. सुरुवातीला रडतखडत चाललेल्या त्या नाटकाला पु. ल. देशपांडे यांच्या पसंतीनंतर गर्दी होऊ लागली आणि पुढे त्याचे हजारो प्रयोग झाले. कोकणातल्या माणसांना त्या नाटकाने आपली लाज काढली असे वाटले नाही. मुंबईच्या नाट्यगृहात मोठ्याने मालवणीत बोलायला त्यांना त्यामुळे बळ मिळाले.

भीतीविषयी एवढेच सांगतो की, ती रास्त आहे. प्रयोगातला वीस सेकंदांचा तुकडा कापून कोणीही पसरवू शकतो. मुलाने आपल्या प्रत्येक प्रयोगाचे पूर्ण ध्वनिचित्रमुद्रण स्वतःजवळ जपून ठेवावे.

प्रश्न : हसवणारी माणसे आतून दुःखी असतात, असे नेहमी म्हटले जाते. ते खरे आहे का?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : सरसकट तसे म्हणणे मला मान्य नाही. दुःखी माणसे शिक्षकांत असतात, तशी बँकेतही असतात. विनोदी नटाच्या वाट्याला येणारे दुःख मात्र वेगळ्या जातीचे असते, आणि ते समजण्यासाठी लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे पाहावे. पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटूर’ने १९८३ च्या सुमारास ते नाटकात गाजले, आणि १९८५ च्या ‘धूमधडाका’नंतर चित्रपटांत त्यांना उसंत मिळाली नाही. १९९२ मध्ये ‘एक होता विदूषक’ आला. त्याचे लेखन पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे आणि गीते ना. धों. महानोर यांची. तमाशातल्या सोंगाड्याचा चित्रपटातला लोकप्रिय नट होतो आणि या प्रवासात हसवण्याची त्याची मूळ प्रेरणाच त्याच्या हातून निसटते, अशी ती कथा आहे. बेर्डे यांनी ती भूमिका जीव ओतून केली. आपल्या लाडक्या लक्ष्याला तशा रूपात पाहण्याची तयारी मात्र बहुसंख्य प्रेक्षकांची नव्हती, आणि नंतरही त्यांच्याकडे मागणी आली ती जुन्याच खोड्यांची. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, ते गेले.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, या नटाच्या दुःखाचा एक वाटा आपण प्रेक्षकांनी त्याला दिलेला असतो. तो भाजी घ्यायला निघाला असो वा स्मशानात आला असो, आपण त्याच्याकडे हशाच मागतो. एका विनोदी नटाला वडिलांच्या अंत्यदर्शनाच्या रांगेत कोणीतरी सोबत छायाचित्र मागितल्याचे मी स्वतः पाहिले आहे. तो नट काही बोलला नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, त्याच्याच नाटकातल्या मित्राने त्या माणसाला हाताला धरून शांतपणे बाजूला नेले.

प्रश्न : मी एका सहकारी पतपेढीत नोकरी करतो आणि एकांकिकांमधून विनोदी भूमिका करतो. आता पूर्णवेळ या क्षेत्रात यावे असे वाटते. नोकरी सोडावी का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : लगेच सोडू नये. अशोक सराफ यांनी नाटके करीत असताना काही वर्षे स्टेट बँकेत नोकरी केली. दादा कोंडके अपना बाजारमध्ये काम करीत होते, निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते आणि लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. नोकरी होती म्हणून त्यांना वाईट संहिता नाकारता आली, असा माझा समज आहे. त्यांनी ती सोडली तेव्हा प्रयोगांच्या तारखा आणि हजेरीपट यांचा मेळ बसेनासा झाला होता; तुमच्याही बाबतीत तीच खूण धरावी.

आजच्या काळात एक गोष्ट अधिक जपावी लागते. नाटकात प्रयोग झाला की नाइटचे, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचे, पाकीट हाती पडण्याची रीत अजून बरीचशी टिकून आहे, पण दूरचित्रवाणीच्या कामाचे पैसे अनेकदा काही महिन्यांनी येतात. त्यामुळे निदान सहा महिन्यांच्या घरखर्चाची तजवीज केल्याशिवाय राजीनामा देऊ नये. आणि मुंबईला जाताना, शक्य झाले तर, एकांकिकेत तुम्हाला फीड देणारा जो सोबती आहे त्याच्याशी आधी बोलावे. त्याचेही निघण्याचे मनात असेल, तर खोलीचे भाडे दोघांत वाटले जाईल आणि रात्री तालमीला हक्काचा माणूस मिळेल.