कॉल १०.१२ चा, खरेदी पावणेअकराची

प्रश्न : वय ३४, राहणार कळवा, नोकरी ऐरोलीत आयटीमध्ये. ऑफिसातल्या मित्रामुळे तीन महिन्यांपूर्वी एका अ‍ॅनालिस्टचा पेड ग्रुप घेतला. कोणता शेअर कोणत्या भावाला घ्यायचा-विकायचा याचे ‘कॉल’ ते मेसेजवर देतात. तिमाहीची फी १५,००० रुपये. त्यांच्या कॉलवर दोन लाखांच्या भांडवलात मला ३१,००० नफा झाला. मधे स्वतःच्या डोक्याने पाच व्यवहार केले, त्यात मार खाल्ला; तो हिशेब वेगळा ठेवलाय. आता घराच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेल्या सहा लाखांच्या एफडीतले चार लाख मोडून पूर्णपणे ग्रुपच्या कॉलवर लावावेत, की ग्रुप सोडून स्वतः शिकावं? त्यांचा ऑप्शनचाही वेगळा ग्रुप आहे. घराचं बुकिंग सव्वा वर्षाने करायचंय. बायकोला अजून काही बोललेलो नाही.

उत्तर : एफडी मोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. सव्वा वर्षात बिल्डरच्या हातात द्यायचे पैसे शेअरमध्ये ठेवायचेच नसतात. मग कॉल ग्रुपचा असो, तुमचा असो, नाहीतर माझा.

तुम्ही व्यवहारांची एक्सेल शीट आणि ब्रोकरच्या पावत्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटा, पाठवल्यात हे फार बरं केलंत. ठाण्याला नौपाड्यात माझ्यासमोर येऊन बसणारे बहुतेक जण नफ्याचा आकडा सांगतात, कागद काही दाखवत नाहीत. तुमच्या ३१,००० मधून फी गेली १५,०००. ब्रोकरेज, एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), डीपी (डिमॅट खात्याचे) चार्जेस मिळून ४,६००. उरले ११,४००, तेही टॅक्सच्या आधी. यातली मेख अशी की ३१,००० मधले १९,००० एकाच शेअरने दिलेत, आणि त्यापुढे तुम्हीच लिहिलंय, ‘आज रजा, लगेच घेता आला’. त्या दिवशी ऑफिसला गेला असतात तर ही तिमाही ७,६०० रुपये तोट्यात गेली असती.

आता शीटमधली अकरावी ओळ बघा. ग्रुपवर मेसेज आला १० वाजून १२ मिनिटांनी : ४१२ ला घ्या, स्टॉपलॉस ४०४ (इथवर पडला तर तोटा सोसून विका), टार्गेट ४३०. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. बाहेर येऊन पावणेअकराला घेतलेत, ४२१ ला, २०० शेअर. कॉल तोच, कंपनी तीच, पण व्यवहार पार वेगळा झाला. अ‍ॅनालिस्ट ८ रुपये घालवायच्या तयारीने १८ कमवायला बसला होता. तुम्ही १७ घालवायच्या तयारीने ९ कमवायला बसलात. खर्च बाजूला ठेवला तरी त्याचे दहापैकी चार कॉल बरोबर आले की त्याचं भागतं. तुमचं भागायला सात बरोबर यावे लागतात. पुढे तो शेअर ४२७ पर्यंत गेला, ग्रुपवर ‘प्रॉफिट बुक करा’ असा मेसेज पडला, तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. संध्याकाळच्या आत तो ४०४ ला आला. ग्रुपच्या खात्यात ही ओळ हिरवी, तुमच्या खात्यात ३,४०० रुपये लाल. यात कुणी खोटं बोललं नाही. पण ग्रुपचं रेकॉर्ड बघून चार लाख लावायला निघाला असाल, तर ते रेकॉर्ड तुमचं नाही.

माझंही एकदा असंच झालं होतं. २००७ च्या दिवाळीनंतर एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून मी एक बांधकाम कंपनी घेतली. २१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. त्या माणसाने आदल्या आठवड्यातच विकून टाकलं होतं. मला सांगायचं राहून गेलं, एवढंच. त्याच्यावर मी फार दिवस चिडलो नाही. घे म्हणून सांगायला त्याला उत्साह होता, विक म्हणून सांगायची जबाबदारी त्याने कधी घेतलीच नव्हती.

मग स्वतःच्या डोक्याने करावं का? तुमच्या पाच व्यवहारांपैकी चार किरकोळ आहेत, सोडून देऊ. पाचव्यात २६० ला घेतलेला शेअर तुम्ही २४० ला आणि २२५ ला पुन्हा घेऊन एव्हरेज केलात, म्हणजे खरेदीचा सरासरी भाव खाली आणलात. रिमार्क : ‘कंपनी चांगली आहे’. कशावरून चांगली, किती खाली गेली की आपलं चुकलं म्हणायचं, याचा पत्ता नाही. हे स्वतःच्या डोक्याने केलं असं तुम्ही म्हणता. मला तर ते डोकं टेबलावर काढून ठेवून केल्यासारखं वाटलं. रागावू नका.

ग्रुपची दुसरी बाजू. फीच्या पावतीवर सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक नाही आणि पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेलेत. नोंदणीकृत रिसर्च अ‍ॅनालिस्टचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो, सेबीच्या वेबसाइटवर तो पाच मिनिटांत तपासता येतो. नंबर मागा. टाळाटाळ झाली तर पुढची तिमाही भरू नका. नंबर असला म्हणजे कॉल बरोबर येतात असं मुळीच नाही, पण निदान तक्रार कुणाची करायची हे तरी कळतं. आणि कॉलमागचं कारण विचारा. तीन आकड्यांना विश्लेषण म्हणत नाहीत. कर्ज किती, निकाल कसे आले, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, यातलं काहीतरी लेखी मिळायला हवं.

ऑप्शनच्या ग्रुपबद्दल एकच सांगतो. सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन (शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात निघाले. मीटिंगमधून उठून येऊन तुम्ही उरलेल्या सातांत बसाल असं मला वाटत नाही.

दोन लाखांपैकी ६०,००० ट्रेडिंगला ठेवा, बाकीचे एफडीशेजारी नेऊन ठेवा. फक्त डिलिव्हरी, म्हणजे घेतल्या दिवशीच विकायचं नाही. एका व्यवहारात जास्तीत जास्त ६०० रुपये जातील एवढंच घ्या. त्या अकराव्या ओळीला हे लावलं असतं तर १७ रुपयांच्या जोखमीवर ३५ शेअर आले असते, २०० नाही. ग्रुपचे कॉल हवे तर ‘कुठे बघायचं’ याची यादी म्हणून ठेवा, पण सांगितलेल्या भावापेक्षा शेअर वर गेला असेल तर आठ-अठराचं गणित पुन्हा मांडा; जमत नसेल तर कॉल सोडा. कॉल सुटल्याचं दुःख ऐरोलीहून घरी येताना दिघ्याच्या पुढे टिकत नाही, गाडीत एवढी गर्दी असते. का घेतोय आणि कुठे सोडणार, ही एक ओळ ऑर्डर टाकायच्या आधी लिहा, नंतर नाही. सहा महिन्यांनी तोच हिशेब एका साध्या निफ्टी इंडेक्स फंडाशेजारी (निफ्टीच्या चालीने चालणारा म्युच्युअल फंड) ठेवून मला पाठवा.

तो २६० चा शेअर. स्वतःला विचारा, आज हातात रोख असती तर या भावाला घेतला असता का? तुमच्या रिमार्कवरून तरी मला तसं दिसत नाही. विकून मोकळे व्हा.

आणि हे सगळं आज रात्री घरी बोला. एफडी दोघांच्या नावावर आहे, पावतीवर दिसतंय.

ता. क. : यादीतले तीन व्यवहार घेतल्या दिवशीच विकलेले आहेत. इंट्राडेचा नफा-तोटा धंद्याचं उत्पन्न धरला जातो, त्यामुळे इन्कम टॅक्स रिटर्नचा नेहमीचा साधा फॉर्म चालणार नाही, आयटीआर-३ भरावा लागेल. तुमच्या सीएला आत्ताच कळवा, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नको.