‘मिडवाइफ’ला सुईण म्हणावं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या बाळंतपणांच्या सर्वेक्षणाचा इंग्रजी फॉर्म मराठीत आणताना ‘मिडवाइफ’ला सुईण लिहावं का, आणि ‘नैसर्गिक प्रसूती’ऐवजी नॉर्मल चालेल का, असा प्रश्न आला आहे.

कोशाप्रमाणे सुईण बरोबरच. फॉर्मात मात्र नको. आपल्याकडे सुईण म्हणजे घरी येऊन बाळंतपण करणारी, अनुभवाने हात बसलेली बाई. कन्नडात ती सूलगित्ती (सूलु म्हणजे प्रसूती, ‘गित्ती’ हा मदुवणगित्ती, म्हणजे नवरी, यातला स्त्रीवाचक प्रत्यय). २०१८ची पद्मश्री मिळालेल्या नरसम्मांना लोक सूलगित्तीच म्हणत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र डॉक्टर, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), नर्स, मिडवाइफ ‘कुशल’ गटात मोडतात. दाई, प्रशिक्षण घेतलेली असली तरी, त्या गटाबाहेर. म्हणजे मिडवाइफच्या जागी सुईण छापलंत की घरची बाळंतपणं कुशल हातांच्या खात्यात जमा होणार, आणि उत्तराचा एकदा कोड झाला की लाखभर नोंदींतून ती चूक हुडकणं मुश्कील. ‘नर्स/सिस्टर (एएनएम)’ आणि ‘सुईण/दाई/सूलगित्ती’ असे दोन पर्याय ठेवा. एएनएममधला शेवटचा ‘एम’ मिडवाइफचाच आहे, त्यामुळे काही सुटत नाही. शिवाय ‘आणखी कोण होतं?’ हेही विचारा. सुईण आणि सिस्टर दोघी असतील तर दोन्हींवर खूण हवी. हिशेबात जास्त शिकलेली धरतात.

नॉर्मलची भानगड मोठी. बायका ‘नॉर्मल झाली’ म्हणतात तेव्हा सिझर झालं नाही, एवढंच कळतं. सलाईनमधून कळांचं औषध, छेद देऊन टाके, व्हॅक्यूम लावून बाळ ओढणं, सगळं त्यात खपतं. सिझरच्या तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटना सुचवते त्या रॉबसन वर्गीकरणात बाळंतिणींचे १० गट आहेत. पहिले दोन बघा: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण. कळा आपोआप आल्या तर गट १, औषधाने आणल्या किंवा कळांआधीच सिझर झालं तर गट २. आलेल्या कळा औषधाने वाढवल्या तरी गट १च. तेव्हा ‘औषध दिलं का?’ हा प्रश्न कुचकामी. ‘औषध लावण्याआधी कळा सुरू झाल्या होत्या का?’ असं विचारा.

आणि नुसतं ‘इंजेक्शन दिलं का?’ तर मुळीच नको. रक्तस्राव रोखायला बाळ बाहेर आल्यावर १० युनिट ऑक्सिटोसिन (कळांसाठी वापरतात तेच औषध) देण्याची पद्धतच आहे, म्हणून जवळपास प्रत्येक बाळंतीण ‘हो’च म्हणेल. ‘बाळ बाहेर येण्याआधी’ हे शब्द प्रश्नातच घाला.