"भावजी सुटून येतायत, शेजाऱ्यांना काय सांगू?"

"गावाला माहीत नाही का?" मी विचारलं.

"मॅडम, गावाला माहीतच आहे. पण मुलीला आम्ही काका दुबईला आहेत असंच सांगितलंय. ती आता दहावीत."

ही वहिनी पुणे जिल्ह्यातली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) भांडणात एकाचा जीव गेला आणि दिराने सात वर्षं येरवड्यात काढली. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात.

मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला भीती वाटते का?" ती रडायलाच लागली. असं कबूल करणाऱ्या बाईला मी माणुसकीचे धडे देत नाही. वयात आलेली मुलगी घरात असताना भीती वाटणारच.

आधी मुलीशी बोलायचं ठरलं. ती म्हणाली, "मला पाचवीपासून माहितीये, आई." मग शेजारच्या काकू, पोलीस पाटील आणि गावातले सुतार, एवढ्यांनाच घरी चहाला बोलावून नीट सांगितलं. अख्ख्या आळीला खुलासे देत बसायचं नाही, पण कोणी विचारलं तर खोटंही बोलायचं नाही.

सुतारांनी दिराला कामावर घ्यावं असं आमचं म्हणणं होतं, पण ते बिचकत होते. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेल्या स्वतंत्रपूरची गोष्ट मी त्यांना सांगितली. खुल्या वसाहतीत कैदी बायकापोरांसह राहून शेती करायचे. त्यांनी ऐकून घेतलं, पण खरा प्रश्न वेगळाच विचारला: "रंधा चालवता येतो का?" येत होता, आत शिकला होता. महिनाभर बघू म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात वहिनीचा फोन. "भावजी दार नुसतं लोटलेलं असलं तरी बाहेर उभेच राहतात, कोणी उघडेपर्यंत." आत सात वर्षं त्याने स्वतःच्या हाताने दार उघडलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही उघडू नका, "या ना आत" एवढंच म्हणा. एकदोन गिऱ्हाइकांनी काम परत नेलं. सुतारांनी त्याला कामावरून काढलं नाही.

अवघड गोष्ट वेगळीच होती. मयताची आई त्याच गावात, सुताराच्या वाटेवर राहते. त्या माउलीने माफ करावं असं आम्ही कोणीही सुचवलं नाही, सुचवणारही नाही. पोलीस पाटील फक्त विचारून आले. "तो माझ्या दारावरून जायला नको," त्या म्हणाल्या.

तो ओढ्याकडून जातो. पंधरा मिनिटं जास्त लागतात.