कोर्टाबाहेरची रांग

या अंकासाठी आलेल्या पत्रांत बॅकहँडबद्दल एकच प्रश्न होता, बाकी सगळे कोर्ट मिळण्याबद्दल. बागेत जाऊन फुकट खेळावं अशी टेनिस कोर्टं आपल्याकडे फार थोडी. सोसायटीचं एखादं, तासावर मिळणारं एखादं, नाहीतर जिमखान्याचं सभासदत्व. तेव्हा बॅकहँड पुढच्या अंकात.

प्र. सोसायटीत एकच कोर्ट आहे. सकाळी सहाला चौघं येतात ते साडेसातपर्यंत हलत नाहीत. विचारलं की म्हणतात, "हा सेट झाला की देतो." सेट झाला की, "एकच अजून." यांना नियमात कसं बसवायचं? (बाणेर, पुणे)

उ. सेटवर कोर्ट देऊ नका, घड्याळावर द्या. सेट हे वेळेचं माप नव्हेच. ६-० चा सेट (सहा गेम, दर गेमला निदान चार पॉइंट) २४ पॉइंटांत संपू शकतो. ७-६ ला निदान ५५ लागतात, आणि ड्यूस (गेममध्ये ४०-४० ची बरोबरी, मग सलग दोन पॉइंट हवेत) लांबत गेले तर वर मर्यादाच नाही. विंबल्डनला २०१० साली इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला, शेवटचा सेट ७०-६८. त्यांच्या कोर्टाबाहेर ऑफिस गाठायच्या घाईतले चौघं उभे नव्हते, एवढाच फरक. आता चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत निर्णायक सेट ६-६ झाला की १० पॉइंटांचा टायब्रेक (बरोबरी फोडणारा छोटा डाव) खेळतात. तिथं जमतं, ते तुमच्या कोर्टावरही जमेल.

सकाळी ६ ते ९ चे ४५ मिनिटांचे चार स्लॉट करा: ६.००, ६.४५, ७.३० आणि ८.१५. वॉर्म-अप स्लॉटमध्येच धरायचा, पाच मिनिटं. बहुतेक ठिकाणी वेळ जातो तो इथंच. "जरा हात मोकळा करतो" म्हणत वीस मिनिटं रॅली चालते आणि मग पहिला सेट सुरू होतो.

४५ मिनिटांत बसणारा खेळ हवा असेल तर ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये पुढे आणलेला फास्ट फोर घ्या. चार गेम जिंकले की सेट. ड्यूसला एकच पॉइंट, अ‍ॅडव्हान्टेज नाही. ३-३ झाले तर पाच पॉइंटांचा टायब्रेक, तोही ४-४ ला एका पॉइंटवर संपतो. म्हणजे कितीही चुरस झाली तरी सहा गेमचे ४२ आणि टायब्रेकचे ९, मिळून ५१ पॉइंट. चेंडू गोळा करणं धरून पॉइंटला सरासरी अर्धा मिनिट म्हटलं तरी २६ मिनिटांच्या आत. बाजू बदलायला तीनेक मिनिटं द्या. वॉर्म-अपसकट ३५ मिनिटांत सेट संपतो आणि राहिलेल्या वेळात १० पॉइंटांचा एक टायब्रेक बसतो. नेहमीच्या सेटबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

नियम केला की पळवाटाही निघतात. त्यातली हमखास निघणारी म्हणजे साखळी बुकिंग: पहिला स्लॉट एकाच्या नावावर, दुसरा त्याच्या जोडीदाराच्या, तिसरा तिसऱ्याच्या, आणि कोर्टावर तेच चौघं. म्हणून बुकिंग करणाऱ्याचं एकट्याचं नाव न लिहिता खेळणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा. ज्याचं नाव एका स्लॉटला आलं, त्याला त्या सकाळी दुसरा नाही. अपवाद एकच: पुढचा स्लॉट रिकामा असेल तर जरूर खेळा, पण कुणी आलं की हातातला गेम संपवून सात पॉइंटांचा टायब्रेक खेळायचा आणि बाहेर. स्कोअर २-१ असो की ५-४.

बुकिंग रात्री बाराला उघडू नका. जागणाऱ्यांनाच कोर्ट मिळतं, आणि सकाळी उठतही नाहीत तेच. आदल्या दिवशी रात्री आठला उघडा. स्लॉट सुरू होऊन दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर तो रांगेतल्या पुढच्याचा. महिन्यात दोनदा असं झालं तर पंधरा दिवस सकाळचं बुकिंग बंद. दंडाचे पैसे लावू नका. पाचशे रुपये भरून कोर्ट अडवून ठेवणारे प्रत्येक सोसायटीत असतात.

प्र. ज्येष्ठ नागरिकांसाठी सकाळी ६ ते ८ राखून ठेवावं अशी आमच्या गटाची मागणी आहे. तरुण मंडळी विरोध करतात. (ठाणे)

उ. इथं आम्ही तरुणांच्या बाजूनं आहोत. नोकरीवाल्याला सहा ते साडेसात याखेरीज वेळ नसतो, तुम्हाला साडेसातनंतरही असतो. उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे. एप्रिल-मे मध्ये आठनंतर सिंथेटिक कोर्ट तापतं आणि पायाला जाणवतं. म्हणून ७.३० ते ९ कायम ज्येष्ठांकडे, आणि उन्हाळ्याचे दोन महिने आठवड्यातून दोन दिवस ६ चा स्लॉटही. पूर्ण दोन तास रोज मागाल तर मीटिंगमध्ये तेही मिळणार नाही.

प्र. अमेरिकेत आमच्या गावच्या पार्कात चार कोर्टं आहेत, बुकिंग नाही. शनिवारी लोक कुंपणाच्या जाळीला रॅकेट अडकवून रांग लावतात. आम्ही दोघं तासभर थांबलो, आमच्यानंतर आलेले आधी आत गेले. विचारायचं कसं, हेच कळत नाही. (न्यू जर्सी)

उ. आधी गेटवरची पाटी वाचा. वेळेची मर्यादा गावागणिक वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी सिंगल्सला कमी आणि डबल्सला जास्त वेळ देतात, काही ठिकाणी रहिवाशांचा पासही लागतो. पाटी असली की वाद घालायची वेळच येत नाही, बोट दाखवलं की झालं.

तुमच्या बाबतीत झालं असेल ते असं: तुम्ही एका विशिष्ट कोर्टामागे उभे राहिलात. चार कोर्टांना चार रांगा लागल्या की ज्याच्या पुढचे रेंगाळले तो बुडाला. चारही कोर्टांची रांग एकच हवी आणि जे कोर्ट आधी सुटेल ते पहिल्याला मिळावं. कुणी कोर्ट सोडतच नसेल तर सर्वांत आधी आत गेलेल्यांनी उठायचं. त्यासाठी सुरू केल्याची वेळ कुठंतरी दिसायला हवी. गेटला खडूनं लिहिली तरी चालते.

लटकवलेली रॅकेट म्हणजे माणूस हजर असल्याची खूण. रॅकेट अडकवून कॉफी प्यायला गेलेल्याचा नंबर गेला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्याची सवय आपल्याला आहे, पण तिथं ती चालवू नका, आणि दुसऱ्यानं चालवली तर गप्पही बसू नका.

विचारायचं ते आल्या आल्या. तासभर कुढून मग विचारलं की आवाज चढलेलाच असतो. बाजू बदलताना खेळाडू नेटजवळ येतात, तो क्षण धरा. पॉइंट चालू असताना बोलू नका आणि बेसलाइनच्या मागं उभे राहून टक लावून बघू नका. "कितवा सेट?" असं विचारलंत तर हाती काहीच लागत नाही. असं म्हणा:

"नमस्कार, पुढचा नंबर आमचा. तुम्ही किती वाजता सुरू केलं?"

"नऊला."

"मग दहाला आम्ही येतो."

वेळ त्यांच्याच तोंडून आलेली असते, आणि दहाला पाच कमी असताना तुम्ही गेटशी येऊन उभे राहिलात की पुन्हा बोलावं लागत नाही.

आत दोघंच सिंगल्स खेळत असतील आणि बाहेर तुम्ही दोघं, तर सरळ डबल्स सुचवा. चौघांपैकी कुणालाच थांबावं लागत नाही. तुम्ही एकटे असाल तरी सोय आहे, दोन विरुद्ध एक. एकटा डबल्सच्या पूर्ण ३६ फूट रुंदीत मारतो. जोडीनं मात्र बाजूच्या साडेचार फुटी पट्ट्या सोडून सिंगल्सच्या २७ फुटांतच मारायचं. दर दोन गेमनंतर एकटा बदला, नाहीतर दम निघतो.

प्र. कोच आठ मुलं आणि टोपलीभर चेंडू घेऊन संध्याकाळी दोन तास कोर्ट अडवतात. हे योग्य आहे का? (नाशिक)

उ. आठ मुलं एका कोर्टावर म्हणजे कोर्टाचा उपयोग तुमच्या सिंगल्सपेक्षा चौपट झाला, तेव्हा "अडवतात" म्हणू नका. हरकत घ्यायचीच तर दोन गोष्टींना घ्या. एक, तास लिहून ठरलेले नसणं. दोन, एकाच मुलाची खासगी शिकवणी गर्दीच्या वेळी घेणं. ती दुपारी चारला जाऊ द्या. कोच स्वतः रांगेत उभा राहून शिष्यासाठी नंबर लावत असेल तर तो नंबर मोजू नका. चेंडू गोळा करण्याची पाच मिनिटं त्यांच्याच तासात मोजायची.

प्र. पिकलबॉलवाले (छोट्या कोर्टावर पॅडल आणि प्लास्टिकच्या चेंडूनं खेळतात ते) टेनिस कोर्ट मागतात. एका कोर्टावर सोळा जण खेळू शकतात, असं त्यांचं गणित आहे. (खारघर)

उ. गणित बरोबर आहे. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट. मोकळ्या जागेसकट १२० बाय ६० फुटांचं टेनिस कोर्ट असेल तर त्यात चार बसतात. पण सोळा माणसं खरोखर येतात का, ते पंधरा दिवस मोजा. चौघंच येत असतील तर त्यांना टेनिसवाल्यांसारखाच ४५ मिनिटांचा एक स्लॉट. सोळा येत असतील तर आठवड्यातल्या तीन संध्याकाळी त्यांच्या. रेषा वेगळ्या आणि फिकट रंगात आखा, नाहीतर सर्व्हिस लाइनवरून रोज वाद होईल.

नेट मात्र त्यांचं त्यांनी आणायचं, चाकांचं किंवा घडीचं. टेनिसचं नेट मध्ये ३६ इंच असतं, पिकलबॉलचं ३४. मधला पट्टा आवळून दोन इंच खाली घेतात आणि जाताना तसंच सोडतात. मग पुढचे टेनिसवाले अर्धा तास "आज सर्व्हिस छान पडतेय" म्हणत खुशीत खेळतात. कोर्टाच्या पेटीत एक मापाची टेप ठेवा.