कर्ज काढून डॉक्टर होणं परवडतं का?

तुम्ही विचारलंय की भाच्याला मेडिकलला प्रवेश मिळतोय, फीसाठी बहीण-मेहुणे राहतं घर तारण ठेवायला निघालेत, तर हे पैसे पुढे वसूल होतात का.

मी भूलतज्ज्ञ आहे. कर्ज काढूनच शिकलो आणि शेवटचा हप्ता भरला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. त्यामुळे वसूल होतात, असं म्हणायला माझी हरकत नाही. पण तुमच्या बहिणीकडे सध्या कुठला हिशेब चालला असेल याचा अंदाज मला आहे. एकीकडे पाच वर्षांची फी आणि दुसरीकडे ओळखीतल्या कुणा नावाजलेल्या सर्जनची कमाई. यातला एकही आकडा धरण्यासारखा नाही.

आधी फी बघू. पाच वर्षांची मिळून १०० धरा. दरवर्षी २० उचलायचे, व्याज १० टक्के, चक्रवाढ. शिक्षणाची साधारण पाच वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, एवढ्या काळात काहीच भरलं नाही तर देणं १४८ वर जातं. पण नुसत्या पहिल्या पदवीवर थांबायची हल्ली कुणाची तयारी नसते. स्पेशलायझेशनची आणखी तीन वर्षं धरली, त्यातल्या तुटपुंज्या विद्यावेतनातून हप्ता निघाला नाही, की १९७. पहिला हप्ता भरायच्या आधीच दुप्पट! हे दहा वर्षांत फेडायचं तर वर्षाला ३२, म्हणजे एकूण ३२०. मला सही करताना हे कुणी मांडून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. प्रवेश मिळाल्याच्या आनंदात कागद कोण वाचतो? (काही कर्जांत शिकत असेपर्यंत सरळ व्याज लागतं, ते आधी विचारून घ्या.) मात्र या नऊ वर्षांत घरच्यांनी नुसतं व्याज भरत राहिलं तर मुद्दल १०० च राहतं आणि नंतरचा हप्ता वर्षाला १६ वर येतो, जवळपास निम्मा. मेहुण्यांना घर तारण ठेवता येईल का, यापेक्षा दर महिन्याचं व्याज झेपेल का, हे विचारा.

शिवाय त्या नऊ वर्षांत भाच्याचे मित्र कमवायला लागलेले असतील, तो न मिळालेला पगारही खर्चच. मिल्टन फ्रीडमन आणि सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९४५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांची आणि दंतवैद्यांची कमाई तोलून पाहिली होती. डॉक्टर ३२ टक्के जास्त कमवत होते. शिक्षणाची जादा वर्षं आणि खर्च भरून निघायला मात्र साधारण १७ टक्के पुरले असते. वरचा बराचसा फरक त्यांनी या पेशात शिरण्याच्या अडथळ्यांशी जोडला. जुना अभ्यास आहे, पण मला त्यातून एक गोष्ट नीट उमगली. दार अरुंद असतं तेव्हा आत गेलेल्याला जास्त मिळतं, आणि फी वाढत जाते तसं ते जास्तीचं त्याच्याऐवजी दारावर बसलेल्याच्या खिशात जातं. स्वस्तात शिकलेला आणि महागात शिकलेला असे दोन डॉक्टर एकाच पगारावर काम करतात. फी किती भरली, हे पेशंट विचारत नाही.

आता कमाईचा आकडा. सर्जन विसरा. स्पेशलायझेशन न केलेला, नोकरी करणारा साधा डॉक्टर पहिल्या वर्षी काय घेतो ते शोधा. पुढची सीट मिळेलच असं नाही. मला दोनदा मिळाली नव्हती, आणि ती दोन वर्षंही व्याज चालूच होतं. त्या पगारातून खाऊनपिऊन हप्ता निघत असेल तर पुढे जा.

नोकरीची चिंता या पेशात तुलनेने कमी आणि सत्तरीपर्यंत काम करता येतं, ही जमेची बाजू आहेच.

पण माझ्या बाबतीत खरी किंमत वेगळीच निघाली. मला मनोविकारशास्त्र करायचं होतं. तिथे जम बसायला वर्षं जातात, एकेका पेशंटला तासभर द्यावा लागतो. भूलतज्ज्ञाला दवाखाना थाटावा लागत नाही. आज या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), उद्या त्या ओटीत, काम पहिल्या महिन्यापासून सुरू. मी ते हप्त्याकडे बघून निवडलं. सुदैवाने नंतर आवडायलाही लागलं, आज कुणी बदलून दे म्हणालं तरी देणार नाही. पण माझ्याच बॅचचा एक मित्र फीच्या ओझ्यापायी असाच एका विषयात गेला आणि अजून रोज कुरकुरत ओटीत शिरतो. कमाई त्याची माझ्यापेक्षा जास्त आहे.

काही ठिकाणी ठरावीक वर्षं नेमून देतील तिथे सेवा करायच्या अटीवर कमी खर्चात शिकता येतं. लोक त्याला नाकं मुरडतात. मला तेव्हा असा पर्याय असता तर डोळे झाकून घेतला असता, कारण ती दोन-चार वर्षं संपतात आणि त्या काळात पगारही मिळतो.

भाच्याशी एकदा मामा म्हणून बोला, आईबाबा समोर नसताना. कर्ज नसतं तर कुठला विषय घेतला असतास, एवढंच विचारा. त्याने एखादा कमी कमाईचा विषय सांगितला, तर वरचा हिशेब त्या विषयाच्या पगारावर पुन्हा मांडा.