कोकणात एलईडी बल्ब वर्षभरात का जातात, आणि जुन्या सीएफएलचं काय करावं?

तुमचे प्रश्न दोन: मालवणजवळच्या घरात ९ वॅटचे एलईडी वर्षभरही टिकत नाहीत, आणि माळ्यावर खोकंभर जुने सीएफएल पडून आहेत.

आधी संशय होल्डरवर घ्या. खाऱ्या वाऱ्याने पितळी पिनांवर हिरवट कीट चढतो, मागची स्प्रिंग गंजून ढिली पडते आणि बल्ब नीट टेकत नाही. आत बारीक ठिणग्या उडत राहतात, आणि त्या सतत तुटणाऱ्या-जुळणाऱ्या करंटने बल्बमधला ड्रायव्हर, म्हणजे चिपांना हवी तशी वीज देणारं सर्किट, मरतं. मेन बंद करून बल्ब काढा. बुडावरच्या दोन ठिपक्यांपैकी एखादा काळा पडून खड्डा झाला असेल, तर दोष होल्डरचा. होल्डरच्या पिना पॉलिश पेपरने घासल्यात तर थोडे दिवस निभेल, पण खरा उपाय होल्डर बदलणं हाच. वर्षभर बंद असलेल्या घरात हे हमखास होतं. गणपतीला आलेले चाकरमानी मात्र बल्ब बदलतात आणि शिव्या कंपनीला घालतात.

दुसरं कारण उष्णता. दिव्यावर येणारी पाखरं (किडे) नकोत म्हणून पडवीतला बल्ब बंद काचेच्या गोळ्यात घालतात. एलईडीची उष्णता बुडाकडून बाहेर पडते; ती कोंडली की ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो. पाखरांसाठी गोळ्यापेक्षा पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा बल्ब बरा. पांढऱ्याशुभ्र ६५०० वर ती जास्त झेपावतात. खळ्यात, पावसाची झड लागते तिथे, साधा बल्ब नको; आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेली फिटिंग घ्या.

व्होल्टेज वरखाली होत असेल तर खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट आणि ४ केव्ही सर्ज (म्हणजे ४,००० व्होल्टपर्यंतचा क्षणिक झटका सोसणारा) लिहिलेला बल्ब निवडा. वीज कडाडायला लागली की मेन पाडा, कारण जवळ पडलेल्या विजेपुढे ४ केव्ही काहीच नाही.

बटण बंद करूनही बल्ब मिणमिणत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याचदा जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं, म्हणजे बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये करंट असतोच. बटणावर इंडिकेटर असेल किंवा जिन्याची टू-वे वायरिंग असेल तरीही असं मिणमिणतं, पण खात्री वायरमनकडून करून घ्या.

मेलेल्या एलईडीचा घुमट काढलात तर एखाद्या पिवळ्या चिपवर काळा ठिपका दिसेल. चिपा एकाच माळेत असल्याने एक गेली की सगळा बल्ब बंद. ती चिप शॉर्ट करून बल्ब पेटवायची युक्ती व्हिडिओत दाखवतात. माझं मत: नको. स्वस्त बल्बात चिपांच्या प्लेटवरचं सर्किट बऱ्याचदा थेट मेन लाइनला जोडलेलं असतं, जबर शॉक बसतो. आणि उरलेल्या चिपाही त्याच उष्णतेत भाजलेल्या असतात. त्यापेक्षा खरेदीची तारीख बल्बवर मार्करने लिहा, पावती जपा आणि वॉरंटीत बदलून घ्या.

आता सीएफएल. चालू असलेला टाकायची घाई नको. रोज ५ तास धरले तर १४ वॅटचा सीएफएल महिन्याला २.१ युनिट खातो, ९ वॅटचा एलईडी १.३५. फरक पाऊण युनिटाचा. सीएफएल ओटीवर लावा, जिथे संध्याकाळी लावला की रात्रीच बंद होतो. न्हाणीघरात नको; सारखं चालू-बंद केल्याने सीएफएल लवकर जातो.

गेलेला सीएफएल परसात जाळू नका, माडाच्या मुळात पुरू नका, वहाळात तर नकोच. प्रत्येकात काही मिलिग्रॅम पारा असतो. खाडीच्या चिखलात जिवाणू त्याचं मिथिल मर्क्युरी हे विषारी संयुग करतात, आणि ते लहान मासळीतून मोठ्या मासळीत साठत जातं. मोरीसारख्या (शार्क) शिकारी माशात सर्वांत जास्त.

भंगारवाल्यालाही देऊ नका, तो बुडाच्या धातूच्या टोपीसाठी काच फोडतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत सीएफएल आणि ट्यूबलाइट घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, तेव्हा नगरपरिषदेची घंटागाडी येत असेल तर वेगळ्या पिशवीत, सांगून द्या. गाडी येत नसेल तर प्रत्येक बल्ब कागदात गुंडाळून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि मुंबई-पुण्याला जाताना अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. एलईडीत पारा नसतो, पण तोही तिथेच द्यावा.

हाताळताना एखादा फुटलाच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि सगळ्यांनी १०-१५ मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, पूड हवेत पसरते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली पूड चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपा, आणि सगळं, तो कागदही, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. गोधडीवर फुटला असेल तर ती गोधडी धुवायला घेऊ नका.