बोट बघायला नव्हे, बेटं बघायला

प्रश्न: ताई, आमच्या लग्नाला 35 वर्षं झाली म्हणून मुलगा आम्हा दोघांना हवाईची क्रूझ भेट देतोय. तो कॅलिफोर्नियात असतो. ह्यांनी लगेच वही काढून बघायच्या जागांची यादी सुरू केली, काल रात्रीपर्यंत ती 23 वर गेली होती. मला बोट लागते, गुडघे कुरकुरतात, शिवाय मी शाकाहारी. मला खरं तर नुसतं बाल्कनीत बसून समुद्र बघायचाय. मुलगा म्हणतो, होनोलुलूहून सात दिवसांची बोट आहे, पण लॉस एंजेलिसहून सुटणारी पंधरा दिवसांची रोजच्या हिशेबाने स्वस्त पडते. कोणती घ्यावी? आणि ह्यांच्या यादीचं काय करू?
एक वाचक

उत्तर: वही सरळ लपवून ठेवा, असं लिहिणार होते. पण आमच्या घरीही तशीच एक वही आहे. 2019 च्या फेब्रुवारीत आम्ही ही क्रूझ केली तेव्हा ती सातही दिवस माझ्या पर्समध्ये होती, कारण ह्यांच्या खिशात मावत नव्हती.

आधी बोटीचं. लॉस एंजेलिसची घेऊ नका. जाताना चार-पाच दिवस आणि येताना तितकेच, चहूकडे नुसतं पाणी. बोट लागणाऱ्या बाईला ही भेट म्हणायची की शिक्षा? त्यात 1886 चा एक अमेरिकी कायदा आडवा येतो. अमेरिकेतल्या बंदरात प्रवासी घेऊन पुन्हा अमेरिकेतच सोडायचे, तर परदेशी नोंदणीच्या बोटीला वाटेत परक्या देशाचं बंदर लावावं लागतं. म्हणून या बोटी मेक्सिकोत एन्सेनादाला टेकून येतात. म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेर जाऊन परत आत येणार, आणि व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, हे तपासायचं आणखी एक काम.

होनोलुलूची 'प्राइड ऑफ अमेरिका' अमेरिकी नोंदणीची, त्यामुळे तिला ही भानगड नाही. शनिवारी संध्याकाळी सुटते, पुढच्या शनिवारी सकाळी परत. माउई आणि काउआई या बेटांवर एकेक रात्र बंदरातच मुक्काम, हवाईच्या मोठ्या बेटावर हिलो आणि कोना एकेक दिवस. अख्खा दिवस समुद्रात, असा एकही नाही. कसिनोही नाही, कारण हवाईत जुगाराला बंदी आहे. (आमच्या ह्यांना याचं वाईट वाटलं, मला नाही.)

आता बाल्कनी. आम्ही हौसेने घेतली होती. माउईचं काहुलुई हे मालवाहू बंदर. दोन दिवस आमच्या बाल्कनीतून रचून ठेवलेले कंटेनर दिसत होते, आणि बोट निघायची तेव्हा अंधार पडत आलेला असायचा. रात्री झोपायला खोली हवी, एवढंच या बोटीचं काम. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खिडकीची केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. वाचलेले डॉलर बेटांवर खर्च करा. माउई आणि मोठं बेट यांच्यामधली अलेनुइहाहा खाडी वाऱ्यासाठी बदनाम आहे. बोट ती रात्रीच ओलांडते, म्हणून त्या सोमवारी जेवण हलकं आणि डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी. मी "बघू, लागली तर घेते" म्हणाले आणि रात्रभर बाथरूमचं दार धरून उभी होते.

यादीचं म्हणाल तर एका बेटावर एकच मोठी गोष्ट ठेवा. कोणती, ते त्यांनाच ठरवू द्या, म्हणजे रुसवे होत नाहीत.

माउईला ते बहुधा हालेआकालाचा सूर्योदय म्हणतील. डोंगर 10,023 फुटांचा, बोट मुक्कामाला असल्याने सोमवारची पहाट सापडते. पण पहाटे तीन ते सात या वेळात वर जायला गाडीचं आधी बुकिंग लागतं. बुकिंगला गाडीमागे 1 डॉलर, पार्कचं तिकीट निराळं. ह्यांच्या वहीत सूर्योदयाची वेळ मिनिटांसकट होती, बुकिंग मात्र राहिलं होतं. मग आम्ही भर दुपारी गेलो आणि वारा असा, की लोक ब्लँकेट गुंडाळून फिरत होते. कानटोपी न्याच, बेट उष्ण कटिबंधात असलं तरी. त्यापेक्षा उतरताना रस्त्याकडेला थांबून पाहिलेले कुबडे देवमासे माझ्या जास्त लक्षात आहेत. हिवाळ्यात ते अलास्काकडून पिल्लं घालायला इथे येतात. तुमची तारीख जानेवारी ते मार्चमधली असेल तर दुर्बीण विसरू नका.

लाहाइनाचा वडही आम्ही तेव्हा पाहिला. भारतातून आलेलं आठेक फुटांचं रोप 1873 मध्ये तिथे लावलं होतं. पारंब्यांखाली बसल्यावर मला पहिल्यांदाच तिथे परकं वाटेनासं झालं. ऑगस्ट 2023 च्या आगीत गाव जळालं, झाड होरपळलं, नंतर त्याला पुन्हा पालवी फुटली.

हिलोला ज्वालामुखीच. बंदरापासून पार्क साधारण 30 मैल. "लाव्हा दिसणार ना?" हा प्रश्न ह्यांनी तीनदा विचारला होता, आणि आम्ही गेलो तेव्हा किलाउएया थंड पडला होता. 1983 पासून चाललेला उद्रेक 2018 मध्ये थांबला आणि विवराचा तळच खचला. डिसेंबर 2020 पासून पुन्हा अधूनमधून उद्रेक होऊ लागले, डिसेंबर 2024 पासून तर थांबून-थांबून; काही तास कारंजी, मग कित्येक दिवस शांतता. लाव्हाची खात्री धरू नका. वाफेच्या भेगा मात्र असतात. पावसाचं पाणी झिरपून खालच्या तापलेल्या खडकाला लागतं आणि वाफ होऊन वर येतं. ह्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पांढरा झाला, पुसायला रुमाल काढला आणि त्याबरोबर खिशातून एक काळा दगड पडला. तिथला दगड उचलणं नियमाबाहेर आहे, वर तो पेले या ज्वालामुखीच्या देवीचा मानतात. नेलेले दगड माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत पाठवणारे पर्यटकही आहेत. आमचा तिथल्या तिथे परत गेला, मी उभी राहून ठेवायला लावला.

कोनाला तुम्ही दोघांनी वेगळं व्हायचं. बोट समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. गुडघ्यांची परीक्षा ती एक पायरी उतरताना. खलाशी हात धरतात, लाजू नका. मग यजमानांना कॉफीच्या मळ्यात धाडून द्या. तुम्ही धक्क्यापासून चालत हुलिहेए राजवाड्यापर्यंत जा आणि तिथे समुद्राकडे तोंड करून बसा. ते बाल्कनीचं तुम्हाला हवंय ना, ते इथे आहे, फुकट. एकच बघा: बोटीच्या सहली महाग असतात, पण त्यांना उशीर झाला तर बोट थांबते. खासगी गाडीवाल्यासाठी थांबत नाही.

जेवणाची काळजी नको, फक्त बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून कळवा. बेटांवर लुआउच्या मेजवानीत मात्र जपून. अळूच्या पानांत बांधलेली पुडी समोर आली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आत डुक्कर होतं. पोई खा. अळकुड्या उकडून, पाणी घालून कुटलेली ही जांभळट लापशी. अळू हा माणसाचा थोरला भाऊ, असं हवाईची माणसं मानतात.

सनस्क्रीन झिंकचं न्या. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेली तिथे 1 जानेवारी 2021 पासून विकायला बंदी आहे.

काउआईला मी काहीच सुचवणार नाही, वहीला एक दिवस मोकळा सोडा. फक्त शुक्रवारी दुपारी बोट निघाली की दोघांनी वरच्या डेकवर या. 'ना पाली' नावाच्या किनाऱ्याचे कडे येतात, काही ठिकाणी जवळजवळ 4,000 फूट उंच, आणि तिथे रस्ताच नसल्याने हे कडे समुद्रातूनच असे एका ओळीत दिसतात. तेवढा वेळ केबिनमध्ये कोणी थांबत नाही, म्हणून कठड्याशी जागा लवकर धरा. आणि यजमानांच्या टोपीला नाडी बांधा. आमच्या ह्यांची अजून तिकडेच आहे.